जागा धरून बसलेली गाडी

रघुवीर धुरींच्या घरी नवखा माणूस गेला, की त्याला वाटतं हे कुटुंब गेल्याच आठवड्यात इथं राहायला आलं असावं. टीव्हीच्या रिमोटवर दुकानातलं प्लास्टिक तसंच आहे. फ्रिजच्या मुठीला काकूंनी विणलेली लोकरी पिशवी आहे. सोफ्यावर चादर, चादरीवर टॉवेल, आणि त्या टॉवेलवर बसायची मुभा फक्त पाहुण्यांना. लग्नात आलेला काचेचा डिनर सेट शोकेसमध्ये आहे. मुलाच्या लग्नात वापरू म्हणून ठेवला होता, पण लग्नाला माणसं फार आली, फुटेल म्हणून तो तिथंच राहिला. मी शेजारच्या खोलीत लहानाचा मोठा झालो, पण त्या बशांना मागून नक्षी आहे की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

डिलाईल रोडवरच्या आमच्या रेवाळे बिल्डिंगीत धुरीकाकांना तसा मान आहे. वडील मालवणकडून गिरणीत आले. काका शिकले आणि एका विमा कंपनीच्या रेकॉर्ड खात्यात चिकटले. जुन्या फायली सांभाळायच्या आणि शक्यतो कुणाच्या हाती लागू द्यायच्या नाहीत, हे काम त्यांनी निवृत्तीपर्यंत मन लावून केलं. निरोपाच्या समारंभात साहेब म्हणाले, धुरींच्या हातून एक कागद कधी गहाळ झाला नाही. ते खरंच होतं. कुणाला सापडलाही नाही.

निवृत्तीनंतर सांभाळायला काहीतरी हवं होतं, ते त्यांना बिल्डिंगीच्या बाजूच्या गल्लीत मिळालं. व्यायामशाळेची भिंत आणि विजेचा लोखंडी डबा यांच्या मधोमध एक मोडकी हातगाडी वर्षानुवर्षं पडून होती. एके दिवशी ट्रक आला आणि हातगाडी उचलून घेऊन गेला. एवढी मोठी मोकळी जमीन आमच्या गल्लीत कुणी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. लोक गॅलरीत उभे राहून नुसते बघत होते. काका मात्र खाली उतरले आणि तुळशीच्या दोन कुंड्या आणि एक गळकं पिंप तिथं मांडून आले.

कुंड्या रोज थोड्या थोड्या सरकायला लागल्या. पिंप तर एकदा व्यायामशाळेच्या पायरीवरच सापडलं. काकांनी ठाण्याला मुलाला, राजेशला फोन केला. राजेश म्हणाला, "बाबा, कुंड्यांनी जागा राहत नाही. गाडी घ्या."

लोक गाडी घेतात आणि मग जागा शोधतात. काकांनी जागेसाठी गाडी घेतली.

छोटी, राखाडी, पेट्रोलवरची गाडी. काकांनी साठी उलटल्यावर ड्रायव्हिंगचा क्लास लावला, लायसन्स काढलं, ते लॅमिनेट केलं. गाडी राजेशनं आणून जागेवर लावली, काकूंनी ओवाळली, नारळ फुटला, सगळ्या मजल्यांवर पेढे गेले. मग काकांनी तिच्यावर चंदेरी कव्हर चढवलं आणि गाठ मारली.

सुचित्राकाकूंनी त्याच संध्याकाळी माहीमला आपल्या थोरल्या बहिणीला, मालूआक्काला फोन केला. "आक्का, येत्या रविवारी गाडीनेच येतंय." तो रविवार आला आणि गेला. रविवारी गाडी काढली तर जागा जाते, कारण सगळ्यांचे पाहुणे रविवारीच येतात. शनिवारी ट्रॅफिक असतं. गणपतीत तर लालबागकडे वळलेली अख्खी मुंबई आमच्याच गल्लीत गाडी घुसवायला बघते, तेव्हा बोलायलाच नको. पावसात ब्रेक लागत नाहीत म्हणे. उन्हाळ्यात रंग उडतो. तर दोघं बसनं माहीमला जायचे, आणि परत आल्यावर बसच्या पायरीवरूनच काका मान लांब करून चंदेरी कव्हर दिसतंय ना ते बघायचे.

पण गाडीची हेळसांड होत होती असं कुणी म्हणू नये. रोज सकाळी काका खाली यायचे, कव्हर दुमडायचे, गाडी पुसायचे, आत बसून चावी फिरवायचे. इंजिन सुरू झालं की डोळे मिटून मिनिटभर ऐकायचे, जसं काही भजन चाललंय. मग बंद. मग कव्हर. "इंजिन रोज चालू करावं लागतं," ते मला सांगायचे, "नाहीतर बसतं. मशीन म्हणजे काय, माणसासारखंच. रोज विचारपूस हवी."

अशी काही वर्षं विचारपूस झाली आणि एका सकाळी गाडीनं उत्तर द्यायला वेळ लावला. खर्र, खर्र, खर्र. मग बऱ्याच विनवण्यांनंतर ती खोकत सुरू झाली. दुसऱ्या दिवशी त्याहून उशीर. आठवड्याभरात असं झालं, की काकांच्या गाडीचं खर्र खर्र ऐकून लोक अंथरुणातून उठायला लागले.

पहिले वैद्य खाली उतरले ते तिसऱ्या मजल्यावरचे शामराव सकपाळ. शामराव गिरणी बंद पडेपर्यंत तिथं फिटर होते. त्यांच्या मते जगातलं कुठलंही यंत्र हा शेवटी कापड विणायचा मागच असतो, आणि तो अडला तर त्याला तेल तरी कमी पडलेलं असतं किंवा मायेचा हात. त्यांनी बॉनेटवर कान ठेवला, काकांना चावी फिरवायला लावली आणि निदान केलं.

"रघुवीर, बॅटरी उतरली. आणि आत काहीतरी अडतंय. गाडी गॅरेजला टाक."

काकांनी चावी काढली आणि खिशात घातली. "गॅरेजला टाकतो. म्हणजे तुमच्या अभयची सोय होते."

त्याचं असं होतं. शामरावांचा मुलगा अभय ॲपवरची टॅक्सी चालवतो. त्याला गाडी रोज लांब शिवडीला ठेवून घरी यावं लागतं, आणि घरापाशी जागा मिळाली तर कुणाला नको असते? त्यानं तसं कधी बोलून दाखवलं नव्हतं. पण काकांना त्याच्या न बोलण्याचाच जास्त संशय होता.

शामराव चिडले. "अरे, मी तुझ्या गाडीचं सांगतोय! माझ्या पोराचं मध्ये कशाला काढतो?"

"माका खुळो समजू नका. गाडी हलणार नाय. मेकॅनिक हंय येतलो."

काका चिडले की त्यांच्या तोंडून मालवणी येते. त्यावरून बिल्डिंगीला कळलं, की विषय संपला.

त्या दिवसापासून त्यांनी सकाळच्या जोडीला संध्याकाळीही गाडी सुरू करून बघायला घेतलं. आजार वाढलाय म्हटल्यावर डोस वाढवायला नको?

मेकॅनिक आला तो हितेंद्र. त्याचं गॅरेज परळला, आणि घरी येऊन बघायचे तो वेगळे पैसे घेतो, मोठ्या डॉक्टरांसारखे. बोलतोही तसाच. गाडीपाशी आला की आधी दोन पावलं मागे सरकतो, डोळे बारीक करतो आणि "हं" म्हणतो. पहिल्या भेटीत "हं" म्हणून त्यानं बॅटरी बदलली. गाडी लगेच सुरू झाली. काकांनी त्याला चहा पाजला. टॉवेलवर बसवून.

दोन-तीन आठवडे बरे गेले आणि नवी बॅटरीही जुन्या बॅटरीसारखी वागू लागली. दुसऱ्या भेटीत हितेंद्रनं सेल्फ काढला, म्हणजे इंजिनला पहिला धक्का देणारी मोटर. ती गॅरेजला नेऊन साफ केली, आणून बसवली. काका तेवढा वेळ गाडीपाशी उभे होते. सेल्फ नसलेली गाडी कोण ढकलून नेणार होतं, देव जाणे. गाडी सुरू झाली. पुन्हा चहा. काही दिवसांनी पुन्हा खर्र खर्र.

दरम्यान बिल्डिंगीचा अभ्यास चालूच होता. तळमजल्यावरच्या आकांक्षानं मोबाइलवर बघून सांगितलं, कंप्यूटर बोर्ड गेलाय. तिच्या आजीनं सांगितलं, दृष्ट लागली. दोघींनाही तेवढीच खात्री होती. काकांनी लिंबू-मिरची बांधली, कारण ती बांधायला गाडी हलवावी लागत नव्हती.

तिसऱ्या भेटीला हितेंद्र आला तेव्हा मी तिथंच होतो. या वेळी "हं" म्हणायच्या आधी तो गाडीत बसला, चावी अर्धी फिरवली आणि काट्यांकडे बघत राहिला. मग त्यानं रुमालानं काच पुसली. पुन्हा बघितलं.

"काका, मीटर बंद आहे का हो?"

"मीटरला काय झालं? नवीन गाडी आहे."

"नवीन? घेऊन वर्षं झाली ना? मग एवढीच फिरली?"

"जपून वापरतो," काका म्हणाले. आवाजात थोडा अभिमान होता.

हितेंद्र खाली उतरला. पान्यानं एक प्लग काढला आणि आमच्यासमोर धरला. त्याचं टोक काळंकुट्ट होतं, वर ओलसर काजळीचा थर, चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखा. त्यानं वास घेतला, मग टाकीचं झाकण उघडून तिथलाही वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"शेवटचं पेट्रोल कधी भरलं?"

काका आठवू लागले. काकू गॅलरीतून म्हणाल्या, "राजेशच्या मुलीच्या बारशाच्या आधी. आता ती शाळेत जाते."

हितेंद्रनं मान हलवली. "रोज चालू करता ना गाडी?"

"रोज. आता तर दोनदा."

"आणि किती वेळ ठेवता?"

"मिनिटभर. उगाच पेट्रोल कशाला जाळायचं?"

"तीच तर गोम आहे, काका. गाडी चालू करताना बॅटरीतून भसकन करंट जातो. तो परत भरायला गाडी चांगली अर्धा तास पळावी लागते. तुम्ही रोज काढताय, भरत काहीच नाही. वर थंड इंजिन पेट्रोल जास्त ओढतं, ते पुरतं जळत नाही, त्याची काजळी प्लगवर बसते. इंजिन तापलं तर ती जळून जाईल. तुम्ही तापायच्या आत बंद करता. आणि टाकीतलं पेट्रोल तर पार शिळं झालंय. गाडीला काही झालेलं नाही. तुम्ही तिची काळजी घेताय, तेवढंच झालंय." एवढं बोलून त्यानं प्लग पुसला आणि म्हणाला, "मला पहिल्याच दिवशी शंका आली होती."

मग बॅटरी आणि सेल्फचं काय, असं विचारायला मी तोंड उघडलं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की राहू दिलं.

त्यानं जुनं पेट्रोल नळीनं काढलं, ताजं भरलं, नवे प्लग बसवले, बॅटरी काढून रात्रभर चार्जिंगला नेली. दुसऱ्या दिवशी ती बसवल्यावर चावी फिरवताच गाडी अशी सुरू झाली, की वरच्या गॅलरीत कुणीतरी टाळी वाजवली.

"आता दोन दिवसाआड तरी वरळीपर्यंत न्या," हितेंद्र म्हणाला. "इंजिन चांगलं तापू दे."

काकांनी इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "जागेवरच तापवली तर?"

"तेच तर करत होतात."

दोन दिवस काकांना जेवणही धड गेलं नाही म्हणे. एकीकडे गाडी, दुसरीकडे जागा. जागेसाठी गाडी घेतली होती, आणि गाडी जगवायची तर जागा सोडायला हवी होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी तोड काढली. ती तोड म्हणजे लाल प्लास्टिकची खुर्ची, आणि खुर्चीवर सुचित्राकाकू.

गाडी बाहेर पडली, की काकू गल्लीत व्यायामशाळेची भिंत आणि विजेचा डबा यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसायच्या. मांडीवर परात, परातीत वाल सोलायला. काका वरळीला जाऊन यायचे. पहिल्याच दिवशी अभय दुपारचा जेवायला घरी आला. मोकळी जागा दिसली म्हणून त्यानं टॅक्सी आत वळवली आणि करकचून ब्रेक मारला.

"काकू! इथं काय करताय?"

काकू वाल सोलत म्हणाल्या, "सध्या मीच गाडी आहे रे बाबा."

अभय हसला नाही. त्यानं टॅक्सी मागे घेतली, कुठंतरी लांब लावून आला आणि आईकडून काकूंसाठी चहा घेऊन खाली उतरला. पुढच्या खेपेला ऊन होतं, तर छत्री आणून दिली. काकांनी परत आल्यावर ती छत्री बघितली आणि विचारलं, "ह्यो कशाक इतको गोड बोलता?"

त्या दिवशी काका फार खुशीत होते. वाऱ्यानं केस उडालेले, गाल लाल. गाडीतून उतरता उतरता सांगत होते, कशी पळते, कशी वळते.

"समुद्र दिसला?" काकूंनी विचारलं.

"दिसला म्हणजे! काय वारा होता! काच खाली केली नं, असा भणाण वारा आत. काठावर माणसं काय, फुगेवाले काय. भरती होती. मी जरा थांबूनच बघितलं."

काकूंनी सालं गोळा केली, परात उचलली, खुर्ची दुमडत नव्हती म्हणून तशीच डोक्यावर घेतली आणि वर गेल्या. माझी आई त्यांना जिन्यात भेटली. ती घरी येऊन म्हणाली, आज धुरींकडे काहीतरी होणार.

त्या दिवशी काही झालं नाही. दोन दिवसांनी झालं. काका गाडीत बसून काकूंची वाट बघत होते. काकू खाली आल्या त्या हिरव्या नारायणपेठी साडीत, हातात पर्स, केसात अबोली. पुढचं दार उघडून शेजारी बसल्या आणि पट्टा लावला.

"अगो, खुर्ची?"

"वर आसा."

"मग जागा?"

"जागा खाली आसा. खंय जातली ती?"

"रिकामी रवतली!"

"रवांदे," काकू म्हणाल्या. "आक्काक फोन केलंय. सुरमई आणल्यान हा. चला."

काकांनी आमच्या गॅलरीकडे मदतीसाठी बघितलं. आम्ही सगळे एकदम दुसरीकडे बघायला लागलो. चावी फिरली, गाडी लगेच सुरू झाली, नेमकी तेव्हाच. काकांना मनापासून वाटलं असेल की आज तरी खर्र खर्र करावं.

माहीमला काय झालं ते काकूंनीच नंतर सगळ्यांना रंगवून सांगितलं. आक्काच्या घराखाली गाडी लावायला जागा नव्हती. काका म्हणाले, मी गाडीतच बसतो, तू जाऊन ये. काकू म्हणाल्या, बरं. आणि खरंच वर गेल्या. काकांना वाटलं होतं, आग्रह होईल. शेवटी आक्काच्या सुनेनं ताट झाकून खाली आणलं. रस्त्याच्या कडेला, मागून हॉर्न वाजत असताना, स्टिअरिंगवर ताट टेकवून काका सुरमई जेवले. सोलकढीची वाटी गिअरच्या खाचेत ठेवली होती. मागच्या टेम्पोला वाट द्यायला त्यांनी गिअर टाकला आणि सगळी सोलकढी सीटवर गेली. गाडीवर पडलेला तो पहिला डाग. काकू दोन तास बहिणीशी गप्पा मारून, पानसुपारी खाऊन खाली आल्या तेव्हा काका तो डाग पेपरनं टिपत होते. "कोकमाचा रंग जात नाही ना गे?" एवढंच त्यांनी विचारलं. "नाही," काकू म्हणाल्या.

संध्याकाळी परत आले तर जागेवर एक टेम्पो उभा. समोरच्या टॉवरमध्ये कुणाच्या तरी फ्लॅटचं काम चाललं होतं, त्याचं प्लायवूड घेऊन आलेला. ड्रायव्हरचा पत्ता नव्हता. काकांनी हॉर्न वाजवला. मग गाडीतून उतरून टेम्पोच्या चाकाला लाथ घातली आणि पाय धरून उभे राहिले. तेवढ्यात मागून अभयची टॅक्सी आली.

"तुझोच माणूस तो! तूच हाडलंस टेम्पो!" काका ओरडले.

"काका, मी पण कधीचा फिरतोय," अभय म्हणाला. "पार करी रोडपर्यंत जाऊन आलो. एक इंच नाही. माझ्या मागून या. शिवडीला बघू."

जाण्यासारखी दुसरी जागाच नव्हती, म्हणून काका त्याच्या मागून गेले. शिवडीला गोदामांच्या रांगेत एका ट्रान्सपोर्टवाल्याचं मोठं आवार आहे. अभयची टॅक्सी रोज तिथंच असते. त्यानं रखवालदाराशी बोलून काकांची गाडी भिंतीच्या कडेला लावून दिली. दोन्ही बाजूंना दोन-दोन माणसं झोपतील एवढी मोकळी जागा होती. काकांनी खाली उतरून चारी बाजूंनी फेरी मारली. हात लावून भिंत बघितली. इथं कुंडी ठेवावी लागणार नव्हती.

परत येताना तिघं बसनं आले. काकांना आणि अभयला एकच बाकडं मिळालं. इतकी वर्षं एका जिन्यानं चढउतार करणाऱ्या त्या दोघांनी एवढा वेळ शेजारी बसायची ही पहिलीच खेप. सुरुवातीला काका खिडकीतून बाहेरच बघत होते. मग त्यांनी विचारलं, "तुझी गाडी सकाळी पटकन चालू होते काय रे?"

"दिवसभर पळते हो. ती बंद कधी असते?"

काकांनी यावर बराच विचार केलेला दिसला.

टेम्पो दुसऱ्या दिवशी गेला. काका तडक शिवडीला गेले, गाडी काढली आणि डिलाईल रोडला आले. तोवर तिथं कुणाच्या तरी स्कूटरी लागल्या होत्या. गाडी परत शिवडीला. पुढचे काही दिवस हाच कार्यक्रम. बसनं जायचं, गाडी घेऊन यायचं, गल्लीत डोकावायचं, चार शिव्या द्यायच्या, परत नेऊन ठेवायची, बसनं घरी. इंजिन चांगलंच तापत होतं. हितेंद्र मध्ये एकदा बघायला आला आणि गाडी नाही म्हटल्यावर माझ्याकडेच "ट्रीटमेंट लागू पडली" असं सांगून गेला.

हळूहळू काकांनी गल्लीत डोकावणं सोडलं. शिवडीहून निघाले की आधी काकूंना न्यायला येतात. मग कधी वरळी, कधी माहीम, कधी नुसतंच दादरला भाजीला. काकांचा जीव अजून गाडीबाहेर पडत नाही, ते आतच बसून राहतात. काकू निवांत भाव करून येतात. गोदामाच्या रखवालदाराशी काकांची दोस्ती झाली आहे. फक्त शेजारच्या रिकाम्या पट्ट्यात कुणी ट्रक लावला तर त्यांना आवडत नाही, असं अभय सांगतो. परवा तिथं त्यांनी दोन विटा ठेवल्या.

मागच्या आठवड्यात मला ते बसस्टॉपवर भेटले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात गाडीची चावी, हातात रखवालदारासाठी काकूंनी दिलेला घावण्यांचा डबा.

"काय काका, गाडी असून बसनं?"

"गाडीकडेच चाललोय," काका म्हणाले. "बस बरी पडते. थेट गोदामाच्या दारात सोडते." शिवडीची बस आली. काका चढले, ज्येष्ठ नागरिकांच्या जागेवरच्या एका तरण्या पोराला त्यांनी नजरेनं उठवलं आणि डबा मांडीवर घेऊन ऐसपैस बसले.